पुण्यसंचयापासून कृपेपर्यंत : पंडिता रमाबाईंचा श्रद्धाशोध

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरांचा इतिहास लिहिताना बहुधा दोन टोकांच्या भूमिका घेतल्या गेल्या. मिशनऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रांत धर्मांतर म्हणजे अंधारातून प्रकाशाकडे टाकलेले एकच एक पाऊल. तत्कालीन देशी वृत्तपत्रांच्या लेखी तोच स्वजनद्रोह, किंवा फार तर परिस्थितीने गांजलेल्या जिवाचा दुबळेपणा. दोन्ही भूमिकांत धर्मांतर करणारी व्यक्ती बाजूला पडते. ती काय शोधत होती, तिला काय सापडले आणि सापडलेले तिने कसे पारखून घेतले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर हे प्रश्न टाळणे विशेष अन्यायाचे आहे. कारण हिंदुस्थानातील फार थोड्या व्यक्तींनी आपल्या श्रद्धेचा हिशेब इतक्या काटेकोरपणे आणि इतक्या निर्भयपणे मांडून ठेवला आहे. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेली आपली साक्ष आणि सिस्टर जेराल्डाइन यांनी जपून ठेवलेला त्यांचा पत्रव्यवहार ही त्याची दोन मुख्य साधने होत. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून रमाबाईंचे जुने, गुळगुळीत झालेले चित्र टिकणे कठीण होऊन बसले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, व्युत्पन्न आणि आचाराने कडवे. परंतु स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, या एका गोष्टीवर ठाम. पेशव्यांच्या वाड्यात आपल्या गुरूंनी राणीला संस्कृत शिकविल्याचे पाहून त्यांच्या मनात ही गोष्ट रुजली, आणि आप्तेष्टांचा रोष पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना विद्या दिली. आईकडून ती रमाबाईंकडे आली. मुलगी सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने अरण्यातील घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली आणण्यात आले. पुढे कित्येक वर्षे या कुटुंबाला घर असे उरलेच नाही. तीर्थक्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते जे वाहतील त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा क्रम होता.

या भटकंतीला एक निश्चित प्रयोजन होते, हे विसरता कामा नये. अनंतशास्त्र्यांच्या दृष्टीने जीवन हे पुण्यसंचयासाठी होते. तीर्थस्नान, उपवास, ब्राह्मणभोजन, पारायण यांनी पापाचा क्षय होतो, देव प्रसन्न होतो आणि ऐहिक गरजाही भागतात, अशी त्यांची अढळ समजूत होती. तिच्या बळावर त्यांनी सारी मालमत्ता दान केली. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा श्रोतेच अन्नाला मोताद झाले. कुटुंबाने भांडीकुंडी, दागिने, चांगली वस्त्रे विकली आणि आलेला पैसाही पूजाअर्चेत व ब्राह्मणांच्या दक्षिणेत घातला. मजुरी करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. अखेर झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. अखेरच्या घडीला त्यांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सन्मार्गाने वागण्याचा आणि आयुष्यभर ईश्वराची सेवा करण्याचा उपदेश केला. पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण कृष्णाबाई. राहिले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघे पुढे पायी हिंडत काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांनी रात्री काढल्या. आईबापांनी सांगितलेली व्रते पाळली जात होती. पण शास्त्रात वर्णिलेले फळ दिसत नव्हते. रमाबाईंची पहिली शंका अशी पोटातून आली, ग्रंथातून नव्हे. उत्तरकाळी त्यांना केवळ बुद्धिवादी बंडखोर म्हणून रंगविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

ग्रंथातून आलेली शंका कलकत्त्याची. १८७८ साली बहीणभाऊ तेथे पोहोचली आणि वीस वर्षांच्या या मुलीच्या संस्कृत वक्तृत्वाने पंडितमंडळी थक्क झाली. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिला तेथेच मिळाल्या. पडदानशीन स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर बोलण्यासाठी त्यांना पाचारण होऊ लागले, आणि त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. एरवी हे ग्रंथ एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. एका ठिकाणी मात्र त्या सर्वांचे एकमत त्यांना आढळले. स्त्री ही स्वभावतःच पापी. पतीला देव मानून त्याची सेवा करण्यावाचून तिला गती नाही. आणि शूद्राप्रमाणेच तिलाही मोक्षाचा खरा अधिकार नाही. पुराण सांगून पोट भरणाऱ्या कुटुंबातील मुलीला हे अगदी अपरिचित नसणार. तथापि स्वतः व्यासपीठावर उभे राहून ते इतर स्त्रियांना सांगण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना नव्याने उमगला. मोक्ष हेच जर मानवी जीवनाचे प्रयोजन, तर निम्म्या मानवजातीला प्रयोजनच नव्हते.

पुढील चार वर्षांतील घटना झपाट्याच्या आहेत. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने दगावले. आसामातील सिल्चर येथील त्या अल्प संसारात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची प्रत सापडली होती, आणि ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी त्यांना उत्पत्तीचा वृत्तांत समजावून देत असत. मेधावी स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले. परंतु पत्नीने ख्रिस्ती व्हावे ही कल्पना त्यांना मुळीच रुचली नाही. ब्राह्मसमाजाचा एकेश्वरवाद त्या वेळी रमाबाईंना जवळचा वाटे. तो त्यांना पुरला नाही याचे कारण त्यांनी पुढे सांगितले आहे: त्याला निश्चित स्वरूप नव्हते, आणि माणसाच्या नैसर्गिक विवेकापलीकडे त्याला दुसरा पाया नव्हता.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन, हंटर आयोगापुढील साक्ष हा सारा इतिहास सुपरिचित आहे. तितकी परिचित नसलेली गोष्ट म्हणजे पुण्यातच त्यांची भेट नेहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी झाली. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून बायबल वाचू लागले आणि १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. षड्दर्शनांची परीक्षा करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. विशेष हे की गोऱ्ह्यांचे मन धर्मांतरानंतरही शांत झाले नाही. शंका हा त्यांचा जन्माचा सोबती राहिला. रमाबाईंना जे ख्रिस्ती पंडित्य भेटले ते अशा शंकांनी पोळलेले होते, ही त्यांच्या दृष्टीने इष्ट गोष्टच म्हणावी लागेल. इंग्लंडमध्ये असताना गोऱ्ह्यांनी पाठविलेल्या पत्ररूप निबंधाने आपल्या बुद्धीची खात्री पटली, असे रमाबाईंनी कृतज्ञतेने नमूद केले आहे.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा विचार सोडावा लागला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. त्या आघाताच्या छायेतच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांचा संबंध जोडून रमाबाईंचा निर्णय भयापोटी झाला, असे सुचविण्याचा मोह अनेकांना होतो. रमाबाईंच्या स्वतःच्या निवेदनात मात्र निर्णायक स्थान दुसऱ्याच एका घटनेला आहे, आणि ते निवेदन बाजूला सारण्यास सबळ कारण दिसत नाही.

ही घटना लंडनमधील फुलम या भागातील. तेथे वाँटेजच्या भगिनींनी समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हणून हिणविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. रमाबाईंनी त्या स्त्रिया पाहिल्या, त्यांच्यातील पालट पाहिला, आणि आता त्यांतील काही इतर आजारी व दुबळ्या माणसांची सेवा करू लागल्या आहेत हेही पाहिले. अशा स्त्रियांविषयी शास्त्रे काय म्हणतात ते त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्याविषयी कोणाला कळवळा वाटू शकतो, हे त्यांनी तोवर पाहिले नव्हते. त्यांनी एका भगिनीला विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेली ती स्त्री परजातीची, चारित्र्याने कलंकित. आणि ख्रिस्त तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी ईश्वराच्या खऱ्या उपासनेविषयी बोलतो. रमाबाईंनी कलकत्त्यात ज्या प्रश्नाशी येऊन थांबल्या होत्या त्याचे उत्तर त्यांना या कथेत मिळाले. येथे स्त्रीला, तेही अशा स्त्रीला, अधिकाराचा प्रश्न विचारला गेला नव्हता. तिच्या योग्यतेआधी कृपा आली होती.

अनंतशास्त्र्यांच्या विचारपद्धतीची ही उलटापालट होती. तेथे माणसाने काही करावे आणि त्याचे फळ मिळवावे; येथे मिळाले आहे म्हणून माणसाने करावे. सेवा हे पुण्य मिळविण्याचे साधन न राहता ऋणाची परतफेड ठरली, आणि परतफेड कधी पुरी होत नाही याची जाणीवही तिच्यात होती. रमाबाईंच्या पुढील आयुष्यातील न थकणारी कामसू वृत्ती या जाणिवेतून आली असावी.

याचा अर्थ त्या चर्चला शरण गेल्या असा मात्र नव्हे. वाँटेज आणि चेल्टनहॅम येथील पत्रे हा मराठी माणसाने लिहिलेल्या धर्मचर्चेचा एक तेजस्वी भाग आहे. ती इंग्रजीत आहेत एवढीच खंत. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीजन्म, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार या प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी वाद घातला. बायबलमध्ये जे आढळेल ते मानीन, परंपरेने भर घातलेले मानणे माझ्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. जेराल्डाइन यांना त्यात अहंकार दिसला. नवख्या शिष्येने आज्ञा पाळावी अशी त्यांची अपेक्षा. आणि समोर होती ती शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेली पंडिता. क्रूसावरील लॅटिन वचनावरूनही खटका उडाला. लॅटिन ही माझ्या देशबांधवांना परकी. लिहावयाचेच तर संस्कृत का नको, लॅटिनमध्ये असे काय अधिक आहे, हा रमाबाईंचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. मुंबई व लाहोर येथील बिशपांनी त्यांनी तरुण पुरुषांना शिकविण्यास हरकत घेतली, तेव्हा तर त्यांचा संताप लपून राहिला नाही. ज्या बंधनातून सुटण्यासाठी एवढे सोसले, तेच बंधन नव्या धर्माच्या नावाने गळ्यात पडू द्यावयाचे नाही, हा निर्धार या पत्रांत ठायी ठायी दिसतो. मायदेशात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असता १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणाऱ्या जोतीराव फुले यांनी त्यांच्यातील हेच स्वातंत्र्य ओळखले असावे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ चा. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे अर्थसाहाय्य करण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, ते पुढे पुण्यास नेण्यात आले. सदनात धर्मप्रचार होणार नाही अशी हमी होती. बालविधवांना तेथे केशवपनाची सक्ती नव्हती, शिक्षण होते आणि आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती.

याच काळात रमाबाईंच्या अंतर्यामी आणखी एक स्थित्यंतर झाले, आणि पुण्यातील संघर्षाचे बीज त्यात आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक असूनही आपले अंतःकरण पालटलेले नाही, हे या गृहस्थाला उशिरा कळले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला. त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नाही, असे त्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे. बुद्धीने स्वीकारलेले मत आता व्यक्तिगत नाते झाले. असे झाल्यावर ते झाकून ठेवणे त्यांना अशक्य वाटू लागले. त्यांनी मुलींना बळेच प्रार्थनेस बसविले नाही. परंतु आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही लावले नाही. मुली येऊन बसू लागल्या.

१८९३ साली प्रकरण हातघाईवर आले. केसरीने सदनावर कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांची अडचण खरी होती. विधवांच्या शिक्षणाची चळवळ आधीच नाजूक पायावर उभी होती आणि धर्मांतराचा संशय तिचा घात करण्यास पुरेसा होता. रमाबाईंची अडचणही तितकीच खरी होती. ज्या श्रद्धेमुळे हे काम करावेसे वाटले, ती श्रद्धा कामाच्या जागेत अदृश्य ठेवावी, ही अट पाळता येण्याजोगी होती का? दार उघडे ठेवणे म्हणजे प्रचार नव्हे, हे त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर. पण बारा-पंधरा वर्षांच्या निराधार मुलीवर आश्रयदात्रीच्या प्रेमाचा जो प्रभाव पडतो तो कोणत्याही उपदेशाहून प्रबळ असतो, हेही नाकारता येत नाही. या वादात एका बाजूला सारा न्याय आणि दुसऱ्या बाजूला सारे कपट, असे मांडणारे लेखन पुष्कळ झाले. त्याने तेव्हाचा प्रश्न सुटत नाही, आणि आजचाही नाही.

यानंतर पुण्याच्या सुधारकवर्तुळाशी रमाबाईंचे नाते क्षीण होत गेले आणि दुसऱ्याच एका समाजाशी जुळले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींचे जथे पाहताना त्यांना १८७४ आठवले असल्यास नवल नाही. आपण स्वतः त्यातून गेलो आहोत, हे त्यांनीच सांगितले आहे. शेकडो मुली घेऊन त्या परतल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ति’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदासदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीत जातीचा प्रश्न उरला नाही. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना, अंधांसाठी बर्तिमी सदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन अशा शाखा निघाल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जी शाखा निघाली तिचे नाव कृपासदन. फुलमचा आश्रम पाहिल्याला तेव्हा दीड दशक उलटून गेले होते.

‘मुक्ति’ हे नाव विचारपूर्वक घेतलेले दिसते. कलकत्त्यात शास्त्रे चाळताना ज्या मुक्तीचा अधिकार स्त्रीला नाही असे आढळले, तोच शब्द आता फाटक्या वस्त्रांनिशी आलेल्या पोरींच्या निवासावर लिहिला गेला. १९०५ साली केडगावी प्रार्थनेची मोठी लाट उसळली; तिचा बोलबाला देशोदेशी झाला. त्या उत्कट दिवसांविषयी भाविक आणि चिकित्सक यांचे एकमत होणे शक्य नाही, व येथे त्याची गरजही नाही.

समकालीन मराठी ख्रिस्ती लेखकांत रमाबाईंचा मार्ग एकट्याचा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना राहिली. अभंग, कीर्तन, भजन त्यांनी नव्या भक्तीसाठी वापरले. रमाबाईंनी हा सेतू बांधला नाही. ज्या शब्दांच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीला दूर ठेवले गेले, ते शब्द त्यांना निष्पाप वाटत नसत. वाङ्मयाच्या दृष्टीने टिळकांचा मार्ग अधिक फलदायी ठरला यात शंका नाही. पण रमाबाईंच्या नकारामागे संस्कृत विद्येचे अज्ञान नव्हते, अतिपरिचय होता.

हा नकार त्यांच्या अखेरच्या कामात स्पष्ट उमटला आहे. प्रचलित मराठी बायबल त्यांना दोन कारणांनी अपुरे वाटे: त्यातील भाषा संस्कृतप्रचुर असल्याने केडगावच्या खेडवळ बायांना ती कळत नसे, आणि त्यातील अनेक पारिभाषिक शब्द हिंदू दर्शनांचा अर्थ सोबत घेऊन येत. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसल्या. अठरा हजार श्लोकांचे भागवत ज्या कुटुंबात मुखोद्गत होते, तेथील मुलीने संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला काढावेत, यातील परिश्रम सहजी ध्यानात येत नाहीत. छपाई मुक्तीच्या छापखान्यातच होई. खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचे हातही होते. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली; आईच्या पश्चात संस्था तिने चालवावी असे योजले होते. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम त्यानंतरही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे मराठी बायबल १९२४ साली केडगावहून बाहेर पडले.